दादाने पाहिलेला धूर

दादा, काल सकाळी तुझ्या शेताच्या तिन्ही बाजूंना भातरोपांसाठी जमीन भाजायचे राब पेटले आणि वहिनीने घराची सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या. वैशाखात! आत नुसती भट्टी. मी म्हटलं, "अगो, आता कोणासाठी?" तर म्हणाली, "सवय लागली ताई. धूर दिसला का ते आत येऊन बसायचे ना." मग आम्ही दोघी तुझ्यासारख्याच आत बसून राहिलो, घामाने निथळत. बाहेर गाव दरवर्षीसारखं आपापल्या जमिनी भाजत होतं.

तू गेलास त्याला अजून महिनाही झालेला नाही. लोक येतात, बसतात, तुझ्या फोटोकडे बघतात, पदकं हातात घेऊन वजन केल्यासारखी वर-खाली करतात. शोकसभेत सरपंच म्हणाले, "पर्यावरणाची जाण असलेला माजी सैनिक." मला हसू आलं रे, तोंडाला पदर लावावा लागला. तुला तो कृषी खात्याचा तरुण साहेब आठवतो ना? राब न भाजता भाताची रोपं करणारा शेतकरी अशी तुझी कीर्ती ऐकून शोधत आला होता. धुराचे दुष्परिणाम तुलाच समजावून सांगत होता आणि तू मान डोलवत होतास. पुढे ग्रामपंचायतीत शाल-श्रीफळ, फोटो, टाळ्या. तू शाल काढलीस, घडी करून माझ्या मांडीवर ठेवलीस आणि म्हणालास, "सुले, हे तू ने गो. मला नाय पायजे." लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस!

खरं कारण तू मला सांगितलंस, वहिनीला नाही. का, ते मला आजही कळत नाही. बहीण वकील आहे म्हणून? अरे, मुरबाडच्या कोर्टात बांधाचे दावे लढणारी वकील मी. याने नांगर घालताना वीतभर बांध कोरला, त्याने सामाईक आंब्याची फांदी तोडली. तुझं ते ऐकायची माझी काय तयारी होती? पण निवृत्त होऊन आलास त्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या शेतातून धूर उठला आणि तू गोठ्यामागे जाऊन ओकलास. मी पाठ चोळत होते, तेव्हा बोललास.

त्या देशाचं नाव तू घरात कधी घेतलं नाहीस, म्हणून मीही इथे घेत नाही. एका डोंगररांगेवर दोन बाजू हक्क सांगतात, आपल्या जन्माच्याही आधीपासून. मधल्या पट्टीत गावं आहेत, शेतं आहेत, आणि तिथल्या साध्या माणसांना सांभाळायला देशोदेशींहून आणलेली शांतीसेना. तुझी पलटण तिकडे निघाली तेव्हा आई किन्हवलीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत होती, माझा पोरगा यंदा लढायला नाही, भांडण सोडवायला चाललाय. मी तुला चिडवलं होतं, "दादा, हा तर बांधाचाच दावा. मला ने बरोबर, तारीख घेऊन देते!" तू खूप हसला होतास.

टेकडीवरच्या चौकीचा प्रमुख तू. काम ऐकायला सोपं: बघत राहायचं. खालच्या गावाला धोका दिसला की भोंगा वाजवायचा, म्हणजे गावकरी तुमच्या छावणीच्या फाटकात आसऱ्याला येतील. आणि वायरलेसवर कळवायचं, म्हणजे तुमच्या पांढऱ्या गाड्या निघतील. एकदा तू भोंगा वाजवलास, धूर बघून. पहाटेच्या गारठ्यात बायामाणसं लेकरं काखोटीला मारून चढ चढून आली, आणि निघालं काय, तर कोणा मेंढपाळाने काटेरी झुडपं पेटवली होती. म्हातारे शिव्या देत परत गेले. तुझ्या साहेबाने सगळ्यांदेखत विचारलं, "तू शेतकऱ्याचा मुलगा ना? शेतातला धूर ओळखता येत नाही तुला?"

थोड्याच दिवसांनी परत धूर दिसला. डोंगरउतारावरच्या शेतांतून, सकाळचा, पांढरा, जमिनीला धरून सरकणारा. आपल्याकडे या दिवसांत कुठल्याही टेकडीवर चढलं की दिसतो, अगदी तसा. तू दुर्बीण लावलीस, खाली ठेवलीस आणि वायरलेसवर निरोप दिलास: शेतकरी शेतं भाजतायत, काळजीचं कारण नाही.

भोंगा वाजला नाही म्हणून गाव घरात थांबलं. शेतं भाजणारे शेतकरी नव्हतेच. ते एका बाजूचे बंदूकवाले होते आणि कापणीला आलेला उभा गहू पेटवत गावाकडे सरकत होते. दुपारी गाड्या पोचल्या तोवर कडेची घरं संपली होती, घरांतली माणसंही. तू त्या गाड्यांबरोबर खाली गेला होतास. तिथे काय पाहिलंस ते तू सांगितलं नाहीस आणि मी खोदून विचारलं नाही. तू एवढंच म्हणायचास, "त्यांनी चौकीकडं बघितलं असंल गो. भोंगा नाय म्हंजे भ्या नाय, असंच समजले असतील." हे तू वहिनी वाढायला आत गेली की जेवताना म्हणायचास, गुरांना पाणी दाखवताना म्हणायचास. माझ्या मुलीच्या हळदीला, मांडवात सगळे नाचत असताना, माझ्या कानाशी येऊन म्हणालास. मी तुझ्यावर केवढी चिडले होते त्या दिवशी!

पण मग मी वाचायला लागले. बांधाच्या दाव्यांतून डोकं वर काढून युद्धाचे कायदे. रविवारी तुझ्या ओट्यावर बसून मराठीत सांगायची आणि तू कडुनिंबाची काडी चावत ऐकायचास. लढणारा आणि न लढणारा यांत फरक केलाच पाहिजे. न लढणाऱ्याला जगायला जे लागतं, धान्य, उभं पीक, गुरं, पाणी, ते नासवायचं नाही. तू मला थांबवलंस.

"म्हंजे घरांना हात लावायच्या आधीच, शेत पेटवलं तवाच गुन्हा झालेला?"

"हो."

"मंग मी गुन्हा बघितला आणि त्याला राब बोललो."

वहिनी चहा ठेवून आत गेली होती, त्यातला कप मी तुझ्या हातात दिला.

आपलं खरं भांडण मात्र दुसरंच होतं आणि ते कधी मिटलं नाही. तू विचारायचास, "एवढा कायदा हाय ना तुझा, मंग ते गाव का जळलं?" मी तडकून म्हणायची, "तालुक्यात कायदा आहे म्हणून लोक बांध कोरायचे थांबलेत का? पण कोरला तर याने कोरला असं चारचौघांत म्हणता येतं, हे काय कमी आहे?" तू म्हणायचास, "मेल्यांना काय गो त्याचं?" मी म्हणायची, जगलेल्यांना आहे. तू म्हणायचास, जगलेल्यांना घर पायजे. दोघंही बरोबर असलो की भांडण संपत नाही हे मला तुझ्याशी भांडून कळलं. आता तू नाहीस तर मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते, आणि खरं सांगते, तुझी बाजू जास्त वेळा जिंकते.

मग त्या गावांचं काय झालं याची चौकशी करायला एक आंतरराष्ट्रीय मंडळ नेमलं गेलं आणि विचारत विचारत ते तुझ्यापर्यंत आलं. परवानग्या आल्या. व्हिडिओ कॉलवर तुझा जबाब घ्यायचं ठरलं. तेव्हा आपल्याला कळलं की तुझा तो निरोप इतकी वर्षं जिवंत होता. शेतं पेटवणाऱ्यांचा सगळा बचाव त्याच्यावरच उभा होता: गावकऱ्यांनी आपली शेतं आपणच भाजली, वाऱ्याने आग घरांत शिरली, आणि हे आम्ही नाही, शांतीसेनेचाच माणूस म्हणतोय, जो स्वतः शेतकरी आहे. वाचून मी ते पत्र पालथं घातलं. तू मात्र म्हणालास, "बरं झालं. माझे शब्द आता मलाच मागं घेता येतील."

मुरबाडच्या एसटी स्टँडवर आपण किती मोठ्याने भांडलो रे! तू मला भेटायला आला होतास आणि किन्हवलीची गाडी लागायची होती. मी तुला पढवत होते, अशिलाला पढवतात तसं. "एवढंच सांग, धूर दिसला आणि माझा अंदाज चुकला. राबाचं नाव काढू नकोस. काढलंस तर समोरची बाजू म्हणेल, बघा, जाणकार माणूस, याची नजर तयार आहे."

"पण मी राबच बघितला ना! तो नाय सांगितला तर माझी साक्ष अर्धी."

"साक्षीदाराने पाहिलं ते सांगायचं असतं, वाटलं ते नाही!" मी एवढी ओरडले की शेंगदाणेवाला वळून बघायला लागला.

तू खाली बघून म्हणालास, "सुले, तिथं भात पिकत नव्हतं."

मला आधी काही उमगलं नाही. मग तू त्या बाईचं सांगितलंस. खालच्या गावातली बाई, तुमच्या फाटकापाशी टोमॅटो आणि पुदिना विकायला यायची. तू एकदा हौसेने कोठीतले तांदूळ तळहातावर घेऊन तिला खुणेने विचारलंस, तुमच्याकडे पिकतात का? ती इतकी हसली की डोक्याचा रुमाल सुटला. तिने हातवारे करून दाखवलं, हे आम्ही दुकानातून आणतो.

"भात नाय तर राब कशाचा गो? उभ्या गव्हाला कोण आग लावील? हे मला ठावं होतं. दुर्बीण लावली तवाबी ठावं होतं. पण परत भोंगा वाजवून हसं करून घ्यायचं नव्हतं. म्हनून मी राब बघितला."

एवढ्यात गाडी लागली. तू चढलास, खिडकीशी बसलास. आणि मी, जी न्यायाधीशासमोर घटकाभर न थांबता बोलते, ती खाली उभी राहून म्हणाले, "पोचलास की फोन कर." तू फोन केलास. "पोचलो," म्हणालास आणि ठेवलास. त्यानंतर आपण समोरासमोर बसलोच नाही. जबाबाचा दिवस यायच्या आत तू गेलास.

तेव्हापासून कुठेही धूर दिसला की तू माझ्या शेजारी उभा असतोस. दुर्बीण लावतोस, खाली ठेवतोस. गेल्या आठवड्यात सरळगावच्या पुढे टेकडीवर धूर दिसला आणि मी गाडी रस्त्याकडेला घेतली. आपलाच डोंगर, आपलीच माणसं, आपलाच महिना. तरी मी बघत बसले, हा राबच आहे ना? कोणी पेटवलाय? माणूस का दिसत नाही? मागून येणाऱ्या जीपवाल्याने हॉर्न वाजवून विचारलं, "काय मॅडम, पेट्रोल संपलं का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते त्याला?

तू गेल्याचं मी मंडळाला कळवलं. त्यांचं उत्तर आलं: तुमचे भाऊ याबद्दल तुमच्याशी काही बोलले होते का? बोलले असतील तर तुम्ही सांगाल का?

आपल्या कोर्टात मेलेल्या माणसाचं बोलणं सहसा ऐकून घेत नाहीत, दादा. पण स्वतःच्या विरुद्ध बोलला असेल तर काही वेळा घेतात, कारण स्वतःच्या अंगावर शेकेल असं खोटं कोण कशाला बोलेल? म्हणजे तू जिवंत असताना मी जे दाबायला सांगत होते, त्याचंच आता वजन. आणि त्यातही पेच होता. नुसता राब सांगितला तर तू भोळा शेतकरी ठरतोस आणि तुझा निरोप शेतं पेटवणाऱ्यांच्या कामाचा राहतो. भाताचं सांगितलं तर निरोप मोडतो आणि त्याच्याबरोबर तूही. रक्षणाला ठेवलेल्या माणसाला कळत होतं आणि तो गप्प बसला, असंच जगाच्या दप्तरी राहणार. माझा भाऊ! ज्याच्या फोटोला शोकसभेत शाळेतल्या पोरांनी हार घातला तो.

वहिनीला मी एवढंच म्हटलं होतं की तुझ्या नोकरीबद्दल चौकशी आहे. ती म्हणाली, "त्यांचं हाय ना? मंग मी बसणार." आणि मागोमाग, "ताई, त्यांच्या नावाला बट्टा लागंल असं काय बोलू नका हां." मी नुसती मान हलवली.

आज दुपारी कॉल झाला. तुझ्याच घरी, फोन पत्र्याच्या डब्याला टेकवून. समोर एक किडकिडीत बाई, केस पांढरे, आवाज अगदी हळू. दुभाषी म्हणून पुण्याची एक मुलगी. धुराचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, राबावर आले तर ती मुलगी म्हणते, "राब म्हणजे काय हो, मॅडम?" मला तेवढ्यातही हसू आलं. सांगितलं तिला, भाताचं रोप जिथे करायचं तिथे शेण, पाला, गवत, वर माती असे थर द्यायचे आणि पावसाआधी पेटवायचं. तिने ते इंग्रजीत सांगितलं. पांढऱ्या केसांच्या बाईने विचारलं, "त्यांना त्या वेळी खरंच तसं वाटलं होतं का?"

हाच प्रश्न मी तुला विचारायला हवा असं स्टँडवर मनात आलं होतं, पण विचारायच्या आधी तूच उत्तर देऊन टाकलंस. वहिनीचा हात माझ्या गुडघ्यावर होता. हो म्हणायला काय जात होतं? मेलास तू, कोण तपासणार होतं? खूप राग आला मला तुझा. एवढी मोठी गोष्ट बहिणीच्या पदरात टाकून खुशाल गाडीत बसलास! आणि त्याच रागात मला ती माणसं दिसली, दारात उभी राहून टेकडीकडे बघणारी. तुझ्याच तोंडून इतक्यांदा ऐकलेली.

मी सांगितलं. तळहातावरचे तांदूळ, हसणारी बाई, साहेबाचा टोमणा, दुर्बीण, आणि तुला ठाऊक होतं हेसुद्धा. तुझ्याच शब्दांत सांगितलं, तू बोललास तसंच. दुभाषी मुलगी मध्येच अडखळली, पाणी प्यायली, परत सुरू झाली.

वहिनीने हात काढून घेतला. "ती माणसं घरातच बसली?" तिने मला विचारलं.

"हो."

"यांनी कळवलं म्हनून?"

"हो, वहिनी."

ती भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे वळली. तिकडून पांढऱ्या केसांची बाई सांगत होती की हे फार महत्त्वाचं आहे, आणि कुटुंबाची इच्छा असेल तर अहवालात नाव येणार नाही, 'एक माजी सैनिक' एवढंच राहील. मी झडप घातली त्या वाक्यावर. "हो हो, नाव नको. नाव अजिबात नको." मला वाटलं, आपण सुटलो. त्या जळालेल्या गावाला खरं मिळालं आणि तुझा फोटोही भिंतीवर राहिला. जरा श्वास घेतला मी.

"नाव नाय लिवलं तर खरं कोण मानंल?" वहिनी म्हणाली. माझ्याशी नाही, थेट फोनशी. "कोन पन बोललेलं असंल मंग. नाव लिव गो बाय."

"वहिनी, तूच म्हणाली होतीस ना..."

"तवा मला ठावं नव्हतं."

दादा, या बाईने लग्नातला उखाणा सोडला तर आजवर तुझं नाव घेतलेलं नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, शहापूरच्या दवाखान्यात कोणी विचारलं की मला कोपराने ढोसायची, सांगा ना ताई त्यांचं नाव. आज तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "बाळाराम. बाळाराम धोंडू." मग आडनाव, मग गाव, पोस्ट किन्हवली, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. दुभाषी मुलीला स्पेलिंग नीट हवं होतं, तिने परत एकदा विचारलं. वहिनीने परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.